न झालेला खेळ : कौटुंबिक तमाशा-फडाच्या समीक्षेतील एक उपेक्षित प्रश्न

१

पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर यवत लागते. दक्षिणेस भुलेश्वराचा डोंगर, उत्तरेस मुळा-मुठेचे आणि त्यापलीकडे भीमेचे खोरे, आणि पूर्वेस थोड्याच अंतरावर चौफुला. शिरूर-न्हावऱ्याकडून येऊन सुप्याकडे जाणारा रस्ता चौफुल्यास महामार्गाला छेदून जातो. मराठी लोकरंगभूमीच्या अभ्यासकाला या परिसराचे महत्त्व एका विशिष्ट कारणासाठी आहे. तमाशाच्या दोन प्रमुख शाखा येथे हाकेच्या अंतरावर नांदतात. चौफुल्याच्या कला केंद्रांतून संगीतबारी चालते. तेथे रंगस्थळ कायमचे असते, पार्ट्या त्याच आवारात राहतात आणि आपापल्या पाळीने, म्हणजे बारीने, बैठकीत उभ्या राहतात. उलट दौंड-शिरूरच्या गावोगावी ग्रामदैवताच्या जत्रेला येतो तो ढोलकी-फड. त्याचे रंगस्थळ त्याच्याबरोबर मालमोटारींतून हिंडते. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने तो रात्र जागवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी देतो आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा सुरू होण्यापूर्वी पुढच्या गावाची वाट धरतो.

या दोन्ही शाखांविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. लावणीची रचना, वगाचा विकास, सोंगाड्याचा विनोद, पठ्ठे बापूरावांची प्रतिभा, शाहिरी परंपरेशी असलेले नाते हे विषय आता परिचित झाले आहेत. परंतु या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते. ती ही की, समीक्षेचा विषय म्हणजे एकतर लिहिलेली संहिता किंवा झालेला प्रयोग. ठरलेला परंतु न झालेला खेळ या विवेचनात कोठेच बसत नाही. त्याची नोंद झालीच तर ती अर्थकारणाच्या किंवा कलावंतांच्या हालअपेष्टांच्या सदरात होते, कलाविचारात होत नाही.

प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. कुटुंबावर उभ्या असलेल्या फडाच्या बाबतीत रद्द झालेला खेळ ही कलाबाह्य घटना नसून त्या कलेच्या इतिहासातीलच घटना आहे. खेळ ज्या ज्या वेळी थांबला, त्या त्या वेळी तो कशावर उभा होता हे उघड झाले, आणि काही वेळा त्याचे स्वरूपही बदलून गेले. अशा तीन प्रसंगांचा येथे विचार करावयाचा आहे. पहिल्या प्रसंगी खेळ शासनाने थांबविला, दुसऱ्या प्रसंगी प्रेक्षकांनी, आणि तिसऱ्या प्रसंगी साथीने.

२

प्रथम 'कौटुंबिक फड' या संज्ञेचा अर्थ निश्चित केला पाहिजे. फडाची मालकी एका घराकडे असणे हा त्याचा केवळ बाह्य अर्थ होय. खरा अर्थ असा की, घर, तालीम आणि धंदा या तीन संस्था येथे एकाच छपराखाली, किंबहुना एकाच कनातीखाली असतात. मूल ज्या ठिकाणी वाढते त्याच ठिकाणी ते शिकते आणि शिकते त्याच ठिकाणी कमावू लागते. त्याला वेगळा गुरू नसतो. आई उभी राहिली म्हणजे पायांतील चाळांचा बोल त्याच्या कानावर पडतो, आणि ढोलकीवाला मामा असेल तर तोडा कोठे संपतो हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

फडांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावात दोन भाऊ आणि एक गाव आहे. भाऊंची कन्या विठाबाई आणि विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे अशी ही परंपरा पुढे चालते, आणि मंगलाबाईंच्या फडाच्या नावात त्यांचे चिरंजीव नितीनकुमार येऊन बसतात. रघुवीर खेडकर यांच्या फडाच्या नावात 'सह कांताबाई सातारकर' असे आईचे नाव येते. 'सह' हे अव्यय येथे केवळ जाहिरातीची सोय नव्हे. प्रेक्षकाला त्यातून एक हमी मिळते. ज्या पिढीचा खेळ त्याच्या वडिलांनी पाहिला, त्या पिढीचे कोणीतरी आजही रंगमंचावर आहे आणि नव्या पिढीच्या खांद्यावर तिचा हात आहे, अशी ती हमी असते.

काही वेळा तर नाते हेच नाट्यरूप होऊन जाते. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, हे जुळे भाऊ होते. 'जहरी प्याला' या वगातील त्यांचे दोन हवालदार महाराष्ट्रभर गाजले. या जोडीच्या विनोदाचे मर्म दोघांच्या सारखेपणात होते. दुसऱ्या कोणत्याही फडाने तो वग शब्दशः उतरवून घेतला असता तरी त्याला तो विनोद मिळाला नसता, कारण त्याची अर्धी संहिता दोन भावांच्या चेहऱ्यांवर लिहिलेली होती. नाटकातील पात्र एका नटाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. कौटुंबिक फडातील पात्र पुष्कळदा रक्ताच्या नात्यानेच पुढे जाते, आणि ते तसे गेले नाही तर संपते.

मौखिक परंपरेच्या अभ्यासात एक सिद्धांत आता सर्वमान्य झाला आहे. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गुसलेवर महाकाव्ये गाणाऱ्या गायकांचा अभ्यास केला, आणि लॉर्ड यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथात असे दाखविले की, तेथे रचना आधी आणि सादरीकरण नंतर असा क्रम नसतो. सादरीकरण हीच रचना होय. तमाशातील बतावणी आणि वगातील गद्य संवाद यांना हा सिद्धांत बराचसा लागू पडतो. वगाचे कथानक ठरलेले असते, पदे ठरलेली असतात, परंतु संवाद त्या रात्रीच्या गावाकडे, पाटलाकडे, पिकाकडे आणि पावसाकडे पाहून घडतो. मग ओघानेच असे म्हणावे लागते की, जो खेळ झाला नाही त्याची रचनाही झाली नाही. ग्रंथालय महिनाभर बंद राहिले तर ग्रंथ तसेच राहतात. फड एक हंगाम बंद राहिला तर त्या हंगामाचे वाङ्मय जन्मालाच येत नाही.

३

पहिला प्रसंग स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळातील आहे. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना अश्लीलतेच्या आक्षेपावरून तमाशावर बंदी आली. कलावंतांनी दाद मागितली. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, आणि सुधारणेच्या अटींवर खेळ पुन्हा सुरू झाले. पुढे १९५४ साली रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले आणि संहिता आधी सादर करून संमती घेण्याची पद्धत रूढ झाली.

या घटनेचे विवेचन बहुधा नीती-अनीतीच्या अंगाने केले जाते. सुधारणावादी दृष्टीने ती इष्ट ठरते आणि लोककलेच्या कैवाऱ्यांच्या दृष्टीने अन्यायकारक. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या तमाशाविषयक इंग्रजी ग्रंथात या वादाखालील जातीचा स्तर उलगडून दाखविला आहे. 'अश्लील' हे विशेषण केवळ शब्दांना लागत नव्हते. ज्या जातींतील स्त्रिया ते शब्द उच्चारीत होत्या त्यांच्या शरीरांना आणि माणूसपणालाही ते लागत होते, हे त्यांचे प्रतिपादन दूर सारता येण्यासारखे नाही.

परंतु रूपाच्या अंगाने पाहिले असता त्या बंदीचा आणखी एक परिणाम दिसतो. संमतीसाठी सादर करावयाची संहिता लिहिलेलीच असावी लागते. बतावणीचा प्राण तर न लिहिण्यात असतो. मावशी आणि सोंगाड्या यांची जुगलबंदी समोरच्या माणसांच्या हशाने वळण घेत जाते. तो हशा आधी लिहून दाखविता येत नाही. म्हणून जे लिहून दाखविता येते त्याचे वजन वाढले आणि जे लिहिता येत नाही ते संशयास्पद ठरले. ज्या घरांतील वडीलधारी मंडळी निरक्षर होती, त्यांना आपल्याच पाठांतरासाठी लेखकाची गरज भासू लागली. वगलेखकाचे आणि 'लोकनाट्य' या नव्या नावाचे महत्त्व वाढले, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक कारण होय. 'लोकनाट्य तमाशा मंडळ' हे आजही फडांच्या नावांमागे लागणारे बिरूद त्या काळाची खूण आहे. थांबविलेला खेळ परत आला खरा, पण तो येताना कागद घेऊन आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लिखित संहितेमुळे तमाशाची हानीच झाली असे म्हणणे एकांगी होईल. १८६५ च्या सुमारास आलेल्या 'मोहना-बटाव' या वगापासून वगाला कर्ता होताच, आणि पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे तर साक्षर घरातील कवी होते. लेखनाने वगाला बांधीव कथानक मिळाले, स्मरणातून निसटून गेली असती अशी पदे टिकली. मुद्दा लाभ-हानीचा नाही. खेळ बंद पडणे ही घटना खेळाच्या घडणीत शिरते, एवढेच यातून सिद्ध करावयाचे आहे.

४

दुसरा प्रसंग विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्या आयुष्यातील आहे. तो इतका प्रसिद्ध आहे की त्याला आता दंतकथेचे स्वरूप आले आहे. दिवस भरलेले असताना विठाबाई खेळात उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर येण्यास सिद्ध झाल्या. त्यांना पाहून प्रेक्षकांच्या लक्षात झालेला प्रकार आला. त्यांनी विठाबाईंच्या धैर्याचा गौरव केला, विश्रांती घेण्यास सांगितले आणि त्या रात्रीचा खेळ तेथेच थांबविला.

ही कथा सांगणारे बहुतेक जण तिच्या पूर्वार्धावर थांबतात. कलेवरील निष्ठा, प्रेक्षकांशी इमान, असामान्य सहनशक्ती ही तिची ठराविक फलश्रुती होय. विठाबाईंचे मोठेपण निर्विवाद आहे. १९५७ आणि १९९० या वर्षी त्यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, आणि राज्यशासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. परंतु निष्ठेची ही स्तुती एका प्रश्नाला बगल देते. खेळ थांबविणे त्यांच्या हाती होते काय?

या प्रश्नाचे उत्तर कौटुंबिक फडाच्या रचनेत आहे. सुपारी घेतलेली असते, म्हणजे गावकऱ्यांकडून आगाऊ रक्कम घेऊन शब्द दिलेला असतो. फडातील कलावंतांना हंगामापूर्वी उचल दिलेली असते, आणि ती देण्यासाठी मालकाने स्वतः व्याजाने पैसे काढलेले असतात. एक खेळ बुडाला तर केवळ त्या रात्रीचे उत्पन्न बुडत नाही. सुपारी, उचल आणि कर्ज या साखळीची एक कडी तुटते. नोकरदार नटीला रजा मिळू शकते, कारण तिची नोकरी आणि तिचे घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जिचे घर हाच फड आहे तिने रजा कोणाकडे मागावी? तेव्हा त्या रात्री विठाबाई पुन्हा उभ्या राहण्यास निघाल्या यात निष्ठा होती हे जितके खरे, तितकेच त्या निष्ठेला पर्याय ठेवलेला नव्हता हेही खरे.

म्हणूनच कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा ठरतो. खेळ थांबविण्याचा अधिकार मालकाला नव्हता, कलावंताला नव्हता. तो ज्यांनी सुपारी दिली होती त्यांनाच होता, आणि त्यांनी तो वापरला. तमाशाचा प्रेक्षक म्हणजे शिट्ट्या आणि आरोळ्या, असे चित्र सुशिक्षित समाजात रूढ आहे. या कथेतील प्रेक्षक रंगमंचावरील स्त्रीला बाळंतीण म्हणून ओळखतो, आणि बाळंतिणीला जे मिळावयास हवे ते देतो. पाहण्याचा आपला हक्क तो आपण होऊन सोडतो. कथा जशी घडली तशीच सांगितली गेली की तिच्यावर कथनाचे संस्कार झाले, हा प्रश्न येथे गौण आहे. मराठी समाजाने ती या शेवटासह जपली, यातच तिचा अर्थ आहे. खेळ कधीच थांबू नये असे फडाचे शास्त्र सांगते. केव्हा थांबला पाहिजे हे लोकांच्या स्मृतीने या एका कथेत नोंदवून ठेवले आहे.

युरोपीय रंगभूमीच्या इतिहासात या प्रसंगाला जवळचा असा एक प्रसंग आहे. इटलीतील कोम्मेदिया देल्लार्ते हा नाट्यप्रकारही ठरलेली पात्रे, लवचीक संवाद आणि हिंडत्या कुटुंबमंडळ्या यांवर उभा होता. जेलोसी मंडळीची प्रमुख नटी इझाबेला आंद्रेइनी फ्रान्सहून परतत असताना १६०४ साली लियों येथे गर्भपात होऊन वारली, आणि तिचा पती फ्रान्चेस्को याने मंडळीच मोडून टाकली. पुढे त्यांच्या मुलाने वेगळ्या मंडळीतून परंपरा चालविली. दोन्ही ठिकाणी मंडळीचे आयुष्य एका स्त्रीच्या देहाशी बांधलेले दिसते. परंतु इझाबेला विदुषी कवयित्री म्हणून मान्यता पावलेली होती. तिच्या मृत्यूनंतर तिचे लेखन संग्रहित होऊन प्रसिद्ध झाले. विठाबाईंची अखेरची वर्षे मात्र आर्थिक विवंचनेत गेली. रंगमंचावर कलावंताचा मान राखणाऱ्या समाजाने रंगमंचाबाहेरील त्यांच्या आयुष्याची तरतूद केलेली नव्हती.

५

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा, आणि म्हणूनच अद्याप नीट वाचला न गेलेला आहे.

ढोलकी-फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपते. त्याच्या पूर्वार्धात कनाती लावून तिकिटावर खेळ होतात. उत्तरार्ध जत्रांचा, आणि खरी कमाई तेव्हाची. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी तेथे येतात, कोणाचा फड, कोणती तिथी, किती बिदागी हे बोलून सुपारी देतात. या गावाला 'तमाशापंढरी' म्हणतात ते यामुळेच. चैत्र पौर्णिमा आणि अक्षय्य तृतीया यांसारख्या तिथींना मागणी इतकी असते की, त्या थोड्या रात्रींवर अख्ख्या वर्षाचा हिशेब उभा राहतो.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला. करोनाच्या साथीमुळे देशभर पुकारलेल्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला आला. त्याच दिवशी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून लागू झाले. राज्यातील निर्बंध संपूर्णपणे उठले ते २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास. याचा अर्थ असा की, साथीचे आणि फडाचे पंचांग जवळजवळ एकमेकांवर बसले. इतर व्यवसायांचे वर्षांतील काही महिने गेले. फडाचे मात्र जे महिने गेले, त्यांवरच बाकीचे महिने अवलंबून होते.

निर्बंधांच्या भाषेकडेही लक्ष दिले पाहिजे. मधल्या काळात राज्यातील नाट्यगृहे दोनदा उघडली, ५ नोव्हेंबर २०२० रोजी आणि पुन्हा २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. दोन्ही वेळा निम्म्या आसनक्षमतेने. ही सवलत ज्या कल्पनेवर आधारलेली होती ती आसनांची कल्पना होय. रंगस्थळ म्हणजे मोजता येणाऱ्या खुर्च्यांची बंदिस्त वास्तू, हे तिने गृहीत धरले होते. जत्रेच्या मैदानाची निम्मी क्षमता कशी काढावयाची? तेथे माणसे जमिनीवर बसतात, बैलगाडीच्या साटीवर बसतात, झाडावर चढतात. गर्दी हा जत्रेतील खेळाचा अडथळा नसून त्याची अट आहे. शासनाचा हेतू जीव वाचविण्याचा होता, त्याविषयी दुमत होऊ नये. तरी या नियमाने एक जुनी दरी नकळत उघड केली. नागर नाटकाच्या रंगस्थळाला मोजण्याचे एकक आहे, लोकनाट्याच्या रंगस्थळाला ते नाही. आणि ज्याला एकक नाही त्याला सवलतही देता येत नाही.

चौफुल्यासारख्या ठिकाणची स्थिती आणखी वेगळी होती. संगीतबारीला मैदान लागत नाही. बैठक लहान असते. पण तेथील पार्टी केंद्राच्या आवारातच राहते. थिएटर बंद होते तेव्हा तिचा धंदा आणि तिची वस्ती दोन्ही एकाच वेळी प्रश्नांकित होतात. फर्माईश, दाद आणि दौलतजादा या तिन्ही गोष्टी समोरासमोरच्या आहेत. दूरध्वनीच्या पडद्यावर लावणी दिसू शकते, पण बैठकीतील लावणी ज्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहते तो डोळा तेथे नसतो. बहीण-बहिणींच्या आणि मायलेकींच्या ज्या जोड्या या पार्ट्यांत उभ्या राहतात, त्यांतील धाकटी थोरलीकडून अदा शिकते ती बैठकीतच. रिकाम्या खोलीत तालीम करता येते, बैठक साधता येत नाही.

यातूनच या तिसऱ्या प्रसंगाचे खरे गांभीर्य लक्षात येते. बुडालेल्या सुपाऱ्यांचा हिशेब रुपयांत करता येईल. परंतु कौटुंबिक फडात प्रत्येक खेळ हा एक धडाही असतो. दोन उन्हाळे गेले म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण गेले, आणि ते अशा शाळेतले, जिच्या गुरुजनांचे वय थांबत नाही. कांताबाई सातारकर २५ मे २०२१ रोजी निवर्तल्या. ज्या फडाच्या नावातील 'सह' या अव्ययात त्यांचे स्थान होते, त्याच्या सलग दुसऱ्या बुडालेल्या हंगामाचे ते अखेरचे दिवस होते. त्यांच्या डोळ्यांसमोर ज्या नव्या मुलींनी उभे राहावयाचे होते, त्यांची ती वेळ टळली आणि परत आली नाही. पुढे ढकललेला प्रयोग आणि रद्द झालेला प्रयोग यांतील फरक येथे स्पष्ट होतो. नाटक पुढे ढकलता येते, कारण त्याचा लेखक ते लिहून मोकळा झालेला असतो. फडाचा खेळ पुढे ढकलला तरी त्यातील एक भाग रद्दच होतो, कारण त्याची संहिता माणसांच्या आयुष्यात लिहिलेली असते.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो, आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. कुटुंबाला कलेचे आधारस्थान मानणे म्हणजे जातीने लादलेल्या धंद्याचे गौरवीकरण नव्हे काय? मांग, महार, कोल्हाटी या समाजांतील मुलामुलींना फडात जन्मावे आणि फडातच मरावे लागले, यात कलेची निवड किती आणि नाइलाज किती? ज्या घरात मूल शिकते त्याच घरात ते उचलीचे कर्जही वारशाने घेते. हा आक्षेप सबळ आहे. कौटुंबिक फडातील मुलीने शाळेची वाट धरली आणि चाळ बांधले नाहीत, तर परंपरा खंडित झाली म्हणून हळहळण्याचा अधिकार समीक्षकाला नाही.

मात्र या आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट नेमका होतो. परंपरा थांबविण्याचा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न त्यामुळे मध्यवर्ती ठरतो. घरातील मुलीने 'मी उभी राहणार नाही' असे म्हणणे आणि बाहेरून खेळ बंद पाडला जाणे, या दोन भिन्न प्रतीच्या घटना आहेत. वर पाहिलेल्या तीन प्रसंगांपैकी एकातही थांबण्याचा निर्णय कलावंताचा नव्हता. शासनाने नीतीसाठी थांबविले, साथीने जीवासाठी थांबविले, प्रेक्षकांनी दयाबुद्धीने थांबविले. फडाच्या मालकिणीने स्वतःसाठी खेळ थांबविल्याची कथा मराठीत प्रसिद्ध नाही. ही उणीवच या व्यवस्थेवरील सर्वांत बोलका अभिप्राय होय.

यावरून लोकरंगभूमीच्या अभ्यासकांपुढे काही कामे उभी राहतात. वगांच्या वह्या जमविणे आणि खेळांचे ध्वनिचित्रमुद्रण करणे ही कामे आवश्यक आहेत आणि ती चालू राहिलीच पाहिजेत. परंतु त्यांच्या जोडीला फडाचा इतिहास हंगामांच्या क्रमाने लिहिला गेला पाहिजे. कोणत्या वर्षी कोणत्या गावची सुपारी कायम राहिली, कोणती मोडली, मोडली तर इसार परत गेला की पुढच्या वर्षी वळता झाला. त्या वर्षी घरातील कोण रंगमंचावर नवे आले असते आणि आले नाही. कोणते पात्र कोणाकडून कोणाकडे गेले आणि कोणते कोणाकडेच गेले नाही, या गोष्टी आज स्मरणातून नोंदवता येतील, आणखी काही वर्षांनी येणार नाहीत. दौंड-शिरूरच्या गावांतील जत्रेचे कारभारी, नारायणगावच्या राहुट्यांतील व्यवस्थापक आणि चौफुल्याच्या पार्ट्यांतील वडीलधाऱ्या स्त्रिया हे या इतिहासाचे साक्षीदार आहेत. त्यांच्याकडे अभ्यासकाने गाणी मागावीत, तशा न झालेल्या रात्रीही विचाराव्यात.

तमाशाचे वाङ्मय संहितेत आणि प्रयोगात शोधण्याची पद्धत नाटकाच्या अभ्यासातून आली आहे. लिहिणारा, करणारा आणि पाहणारा हे जेथे वेगळे असतात तेथे ती पुरेशी ठरते. जेथे आईचा आवाज हीच वही आहे आणि जत्रेची रात्र हाच वर्ग आहे, तेथे ती अपुरी पडते. अशा कलेचे मूल्यमापन करताना काय गाजले यापेक्षा काय थांबले, कोणी थांबविले आणि थांबल्यानंतर जे परत आले ते पूर्वीचेच होते काय, हे प्रश्न आधी विचारावे लागतील. २०२२ नंतर नारायणगावात पुन्हा राहुट्या पडल्या, चौफुल्याच्या बैठका पुन्हा भरल्या, आणि यवतच्या परिसरातील जत्रांत ढोलकी पुन्हा वाजू लागली. त्या ढोलकीवरचा हात कोणाचा आहे, आणि मधली दोन वर्षे गेली नसती तर तो कोणाचा असता, हे नोंदविल्याखेरीज त्या खेळाची समीक्षा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.